दवण्याच्या वाफ्यावरची पाटी

दारीच्या दवण्याला कुणी गं घातलं पाणी,
लेक माझी गं अरुणा, ओल्या पावलांची निशाणी...

पाटीवरच्या अक्षरांवरून विजयाचं बोट फिरत होतं आणि कानात आईचा आवाज चढत होता. बारा वर्षांपूर्वी थांबलेला आवाज. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरच्या मागच्या अंगणात, मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडताना आपसूक उमटणारा. जरासा घोगरा, शेवटच्या शब्दाला हलकेच झोका देणारा. बोट ‘अरुणा’पाशी येऊन अडलं.

पाटीच्या तळाशी बारीक अक्षरं होती. ‘ओवी कै. द्वारकाबाईंची. सांगणाऱ्या सौ. अरुणा देवधर, नोएडा.’

सिव्हिल लाइन्समधली ही कोठी शंभर वर्षांपूर्वी एका मराठी संस्थानाच्या वकिलाची. गेल्या वर्षी, पंच्याण्णवात, तिचं संग्रहालय झालं. आत पलंग, पानदानं, तसबिरी. बाहेर बाग, वकीलसाहेबांच्या पत्नीच्या वहीत टिपलेल्या रोपांनी नव्याने उभी केलेली. शेवंती, मरवा, दवणा, जुई. आणि प्रत्येक वाफ्याशी एकेक ओवी.

मराठी मंडळाच्या सहलीला बाकीच्या बायका बसने आल्या होत्या, अरुणा नोएडाहून स्वतःच्या गाडीने. पंधरा वर्षं दोघींच्या क्वार्टरांत एकच भिंत होती. मग अरुणाच्या नवऱ्याने सरकारी नोकरी सोडून परदेशी कंपनी धरली, नोएडाच्या सेक्टरात घर बांधलं. विजयाने ते सगळं गिळलं होतं. ती गाडी, ती गच्ची, फोनवरून ऐकवलं जाणारं लॉनचं कौतुक. घर काय, ज्याचं त्याचं नशीब. पण आई?

“मावशी, आईचं नाव बघितलंत?” अरुणाची इशिता धावत आली. “इथल्या लोकांनी तिला स्पेशल बोलावलं होतं. चौदा ओव्या रेकॉर्ड केल्या!”

“चौदा?”

“हां. मला तर एक पण नाही येत. निशाणी म्हणजे निशान ना?”

“हो.” विजयाने दवण्याचा एक शेंडा चिमटीत धरला. शेजारीच हिंदीत लिहिलं होतं, पत्ते न तोड़ें. तिने तो खुडला.

चौदा. आपल्याला किती येतात, हे मोजायला ती धजली नाही.

“अगं, चल ना यार, चहा गार होतोय,” म्हणत अरुणा आली. फेब्रुवारीच्या उन्हात तिची कोसा साडी मऊ चमकत होती. “अजून इथेच?”

“पाटी वाचतेय. छान आहे.” विजया वळलीही नाही. “तू माझ्या आईची लेक कधी झालीस, तेवढं मात्र कळलं नाही.”

अरुणा हसली, मग तिने हसू आवरलं. “इशू, जा, आमच्या खुर्च्या धर.” पोरगी गेल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, “विजू, ते नाव मी नाही घातलेलं. काकू म्हणायच्या तशीच सांगितली.”

“ओवीत बाई लेकीचं नाव घालते. नाहीतर भावाचं. शेजारणीचं घालते कुणी?”

“नाहीच घालत. मलाही नवल वाटायचं. एकदा विचारलंसुद्धा. काकू म्हणाल्या, तू ऐकत बसतेस ना, मग तुझं.”

दवण्याचा शेंडा विजयाच्या बोटांत चुरडून काळपट झाला होता. वास मात्र थेट मस्तकात चढला.

“असं करू,” अरुणाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “पाटी बदलून घेऊ. मी बोलते त्यांच्याशी. अरुणाच्या जागी विजया. बघ, चाल बिल्कुल मोडत नाही.” आणि तिने ओठांतल्या ओठांत म्हणून दाखवलं, “लेक माझी गं विजया...”

शेवटच्या शब्दावर तोच झोका. हुबेहूब. विजयाने ओठ घट्ट मिटले. हे तिच्या गळ्याला कधी जमलं नव्हतं, आणि ही बाई चहाला बोलवायला यावं तितक्या सहज ते घेऊन उभी होती. असा राग आला, की तो हात झटकून टाकावा.

पण तिने झटकला नाही.

“नको बदलूस,” ती म्हणाली.

“अगं, पण तुझा हक्क...”

“आधी माझंच होतं तिथे.”

“काय?”

“नाव.” विजया खाली बसली, वाफ्याच्या विटांवर, नवी साडी मातीत लोळते आहे याची पर्वा न करता. “तुम्ही शेजारी यायच्या आधीची गोष्ट. ऑफिसातल्या बायका आल्या होत्या घरी, चहाला. मागे आईचं चाललेलं, विजया, विजया करत. त्या एकमेकींकडे बघून हसल्या.”

अरुणा तिच्याशेजारी बसली.

“संध्याकाळी मी तिला म्हटलं, गायचंच असेल तर माझं नाव घेऊन गात जाऊ नकोस. लाज वाटते मला.”