थापट्याचा डोळा

दिवाळीला चार दिवस उरले तेव्हा सुका फाशात सापडलेलं रानबदक टोपलीत झाकून कुंभवलीला काम मागायला आला. वीजघराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या मोऱ्या बांधायच्या होत्या, माणसं हवी होती. पण मुकादम दिनानाथ पाड्यावरच्यांना घेत नसे.

"तुम्ही लोक मधेच गवत कापायला पळता."

"यंदा पळायचं नाय म्हणून तर आलो," सुका म्हणाला. बायकोला, पारूला, सातवा सरत आला होता. गवतकापणीच्या ट्रकात बसली की बाळंतपण परमुलखात, उघड्या माळावर.

परभणीकडच्या नागोराव गवंड्यानं टोपली उघडली. "आरं, ही चोच हाय का माझी थापी?"

"थापट्याच म्हनतात त्याला. चोचीनं पानी गाळून खातो. नर हाय."

दिनानाथ हसला. "नराचं डोकं हिरवंगार असतं. हे मातकट. बायकोला नवरा म्हणतोस, आणि मी तुझा भरवसा धरू?"

"डोळा बघा, पिवळा हाय. मादीचा तपकिरी. लांबून येतात तवा सगळेच मातकट. पूसात, दोन महिन्यांनी, हिरवा होल."

"होऊ दे. त्या दिवशी तुझं नाव हजेरीत."

घरी थापट्यानं नागलीच्या दाण्यांना चोच लावली नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या छातीचं हाड हाताला लागलं.

"मरल तो. त्याला चिखलपानी पायजे," पारू म्हणाली. ओळखायला लुगड्याची लाल चिंधी तिनंच त्याच्या पायाला बांधली. सुकानं तो बेटेगावच्या तळ्यात सोडला.

दिवाळी सरली, गवतकापणीचा ट्रक आला. वरून पाड्यावरचा महादू ओरडला, "सुक्या, बदकाच्या जिवावर संसार करतं का रं?" सुका आणि पारू चढली नाहीत.

सुका रोज तळ्यावर जाई. थापटे तारप्याच्या नाचासारखे गोल फिरत, एकाच्या शेपटीला दुसऱ्याची चोच. पुढच्यानं ढवळावं, मागच्यानं गाळावं. हळूहळू एकेकाच्या कानामागं शेवाळ धरल्यासारखं हिरवं उतरलं, छाती पांढरी झाली, कुशी तांबूस.

पूसातल्या एका सकाळी दिनानाथला त्यानं तळ्यावर ओढूनच आणलं. बांधावर ऊन खात चिंधीवाला बसला होता. डोकं हिरवंगार.

"चिंधी काय, कुणीही बांधेल," दिनानाथ म्हणाला.

"मग तुमी एकाला धरून बांधून दावा की, मुकादम," मागून आलेला नागोराव म्हणाला.

दिनानाथनं खिशातून पेन्सिल काढली. "उद्या सातला ये."

"उद्या नाय शेट, परवा. पारूला पहाटपासून कळा येतात."

"बघ! पहिल्याच दिवशी खाडा!" दिनानाथ म्हणाला, पण नाव लिहिलं.