माईकबाईंचे दात

डॉक्टरीणबाईंनी वरचा समोरचा दात दोन बोटांत धरून हलकेच हलवला आणि तो हलला. खुर्चीत आडव्या पडलेल्या माईकबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले.

"सगळे काढून टाका एकदाचे," तोंड मोकळं झाल्याबरोबर त्या म्हणाल्या. "पण कवळी लावून नीट बोलता येतं का, ते आधी सांगा."

बस स्थानकावर गाड्या पुकारण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. खरं नाव हजेरीपुरतं, बाकी सगळ्यांच्या त्या माईकबाईच. दिसायला चारचौघींसारख्या, पण आवाज असा, की भांडणारे प्रवासीसुद्धा ऐकायला गप्प व्हायचे. दात गेले तर माईक जाईल, ही धास्ती घेऊन त्या आल्या होत्या.

"रक्त येतं तिथं घासता का?"

"छे! दुखऱ्या जागी कशाला हात लावायचा?"

"म्हणून तर येतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिरडीखाली कीटण साचलंय, हाड झिजलंय. गेलेलं हाड काही मी परत आणू शकत नाही. पण कापाकापी न करता आतून साफ करते, हिरडी पुन्हा दात धरेल. मग रोज फटींतून बारका ब्रश फिरवायचा आणि दर तीन महिन्यांनी इथं यायचं. कायमचं."

"कायमचं म्हणजे?"

"म्हणजे मी म्हातारी होईपर्यंत."

तोंडाची एकेक बाजू बधिर करून सफाई झाली. "आज पहिल्यांदा मला घरात बोलायला मिळालं," यजमानांनी चिडवून घेतलं. महिन्या-दोन महिन्यांत रक्त थांबलं, दात घट्ट झाला. माईकबाई मनापासून सुखावल्या.

पण सूज उतरली तशा दातांमधल्या फटी उघड्या पडल्या. एका सकाळी त्या माईकवर "सकाळची सहाची गाडी सुटत आहे" म्हणाल्या आणि प्रत्येक 'स'बरोबर बारीक शिट्टी वाजली. ड्रायव्हर मंडळी खो-खो हसली. स्थानकप्रमुख गोडीत म्हणाले, "बाई, थोडे दिवस दुसऱ्या कुणाला बसवू का?"

माईकबाई तणतणत दवाखान्यात गेल्या. "दात हलत होता, पण नीट बोलता तर येत होतं!"

"सुजेनं फटी बुजल्या होत्या," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "हे तुमचं बरं झालेलं तोंड आहे. फटी भरून देता येतील, पण मग तिथं ब्रश नीट फिरणार नाही. तुमचं आधीच हाड कमी. मी तरी नको म्हणेन."

रागाच्या भरात माईकबाईंनी बारका ब्रश कपाटात भिरकावला. थोड्याच दिवसांत हिरड्या पुन्हा फुगल्या आणि गंमत म्हणजे शिट्टी कमी झाली. त्यांना हर्षच झाला. दुखऱ्या जागेला हात लावायचा नाही, एवढं केलं की आवाज जागेवर! दोन आठवडे त्यांनी खणखणीत गाड्या पुकारल्या.

मग एका सकाळी चूळ भरताना बेसिन लाल झालं. यजमान मागेच उभे होते.

"काय चाललंय हे?"

त्यांनी सगळं सांगितलं. सांगता सांगता रडू फुटलं. "शिट्टी वाजली तर माईक जातो हो!"

"आणि दात पडले तर काय बासरी वाजणार आहे?" यजमान म्हणाले. मग कपाट उघडत म्हणाले, "शिट्टीचं बघू आपण. घे तो ब्रश."

त्यानंतर रोज चहाच्या वेळी यजमान प्रवासी व्हायचे. जीभ किंचित मागे घेऊन माईकबाई घरातल्या घरात गाड्या सोडायच्या आणि शिट्टी वाजली की यजमान गाडी चुकवायचे. शिट्टी बरीच दबली, पण पुरती गेली नाही. प्रमुखांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं, "आवाज एवढाच राहील. चालवून घ्यायचा तर घ्या." त्यांनी घेतला.

वर्षं गेली, पण माईकबाईंची तीन महिन्यांची फेरी कधी चुकली नाही. एकही दात पडला नाही. निवृत्तीच्या आधी सगळ्या गाड्यांची नावं त्यांच्याच आवाजात भरून घ्यायचं ठरलं.

"मॅडम, ही शिट्टी काढून टाकू? मिनिटाचं काम आहे," रेकॉर्डिंगवाल्यानं विचारलं आणि साफ केलेला आवाज ऐकवला. आजाराच्या आधीचाच तो, जसाच्या तसा. माईकबाईंनी तो पुन्हा एकदा लावायला सांगितला.

"काढ," त्या म्हणाल्या. "प्रवाशांना काय करायचंय माझ्या दातांशी?"

निवृत्तीनंतर तपासणीच्या दिवशी त्या स्थानकावर बाकावर बसल्या होत्या. वर कर्ण्यातून गाडी पुकारली गेली. शेजारची बाई कौतुकानं म्हणाली, "काय आवाज आहे हो या बाईंचा!"

"सुरेख आहे," माईकबाई म्हणाल्या. शिट्टी वाजलीच.

त्या बाईला हसू आलं आणि तिनं ते घाईघाईनं दाबलं. माईकबाई मात्र मोकळेपणानं हसल्या. मग पर्स उचलून दवाखान्याकडे जाणाऱ्या गाडीत चढल्या.