आवडलं म्हणायचं नाही

वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली आणि खाली न्याहारीला बसलेली तिघंही हातातला घास तसाच ठेवून वर बघायला लागली. रविवारची सकाळ होती, गल्ली अजून जागी व्हायची होती. खुर्ची एकदा सरकली म्हणजे घरमालकीणबाई उठल्या. दुसऱ्यांदा सरकली म्हणजे जिन्याकडे निघाल्या.

दुसऱ्यांदा सरकली.

"मी झोपलोय म्हणून सांग," नवरा कपाआड तोंड लपवत म्हणाला.

"कप हातात धरून?" ती म्हणाली.

मालकीणबाई दारातच उभ्या राहिल्या. त्या कधी आत येत नसत आणि कधी भांडतही नसत, हेच वाईट होतं. भांडणाऱ्या माणसाला दोन शब्द सुनावता तरी येतात.

"रंगारी उद्या भिंती बघून जाईल हं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मुलगा-सून महिनाअखेरीला येतायत. मी घाई करत नाही, पण बघताय ना तुम्ही?"

"बघतोय ना काकू. आजही एक घर बघायला चाललोय."

"तुम्ही बिचारी बघतच असता गं," काकू म्हणाल्या आणि परत वर गेल्या. त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच तो दिवसभर टोचत राहिला.

खरंच, लग्नानंतरच्या सगळ्या सुट्या त्या दोघांनी घरं बघण्यात घालवल्या होत्या. पहिलं घर बघायला गेली तेव्हा मुलगी पोटात होती आणि जिना चढताना आई मध्येच बसली होती. आता तीच मुलगी त्यांच्या पुढे दोन-दोन पायऱ्या गाळत चढायची. जन्मली तेव्हा नाक बटणाएवढं होतं, म्हणून तिला सगळे बटणच म्हणत. आईच्या धंद्यालाही ते शोभत होतं. ती पडद्यांच्या दुकानात कामाला होती. लोक नवं घर घेत, रंग लावत, दिवे टांगत आणि सगळ्यात शेवटी तिला बोलावत. ती खिडक्यांची मापं घ्यायची, पडदे शिवून लावायची आणि दार ओढून बाहेर पडायची. नवरा लिफ्टचा मिस्त्री. "अख्ख्या गावाला घरी पोचवतो आणि स्वतः तळमजल्यावर भाड्यानं राहतो," असं तोच म्हणायचा, दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत.

घरं काय कमी बघितली होती? एका घराला एवढे वारस निघाले, की त्यातला एक जिवंत आहे की नाही यावर बाकीच्यांचं त्यांच्यासमोरच भांडण जुंपलं. एका घरात भर दुपारी दिवा लावावा लागला, तर दलाल म्हणाला, "डोळ्यांना थंडावा आहे, वहिनी." आणि एक घर मात्र तिला असं आवडलं होतं, की ती मालकिणीच्या तोंडावर बोलून गेली, "अहो, हे तर आमच्यासाठीच बांधल्यासारखं वाटतंय." रातोरात भाव चढला. इतका, की त्या रस्त्यानं जाणंही तिनं सोडलं.

त्या दिवसापासून घरात नियम झाला. आवडलं म्हणायचं नाही. घरात शिरलं की चेहरा पाडायचा आणि चुका काढायच्या. नळ, वायरिंग, गच्चीची गळती नवऱ्याकडे. खिडक्या, उजेड, ओटा तिच्याकडे. बटणला ओल दिली होती, कारण लहान मूल बोललं की घरमालकाला ते खरं वाटतं. बटण हे काम मन लावून करायची. ओल नसली तरी सांगायची.

आजचा दलाल त्यांचा जुनाच होता. काहीही विचारा, तो म्हणायचा, "बघतो, सांगतो." घरात त्याचं नावच बघतो-सांगतो पडलं होतं. तो कोपऱ्यावर वाट बघत उभा होता.

"आजोबा एकटे आहेत," चालता चालता तो म्हणाला. "लेकीकडे जाणार कायमचे. भाव आधीच उतरवून सांगितलाय. तुमच्या खिशाला बसेल असं एवढं एकच आहे माझ्याकडे, खोटं नाही बोलत."

"उतरवून का सांगितलाय?" तिनं लगेच विचारलं.

"आता ते मी कसं सांगू? माणूस चांगला आहे."

नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं, तिनं नवऱ्याकडे. स्वस्त आहे म्हणजे कुठेतरी मेख आहे. एवढ्या वर्षांत दोघं इतकं तरी शिकली होती.

आजोबांनी दार आधीच उघडून ठेवलं होतं. बाहेरच्या खोलीत तीन खुर्च्या ओळीनं मांडलेल्या आणि शेजारी एक बुटकं स्टूल. म्हणजे मूल येणार आहे हे त्यांनी विचारून घेतलं होतं. पाण्याचे पेले झाकून ठेवले होते. दाराशेजारी दोन खुंट्या होत्या, एक नेहमीच्या उंचीवर आणि एक खूप खाली. त्या खालच्या खुंटीवर तिची नजर खिळली. तिनं मान वळवली.

"या, आधी स्वयंपाकघर दाखवतो," आजोबा म्हणाले. "सकाळी इथं थेट ओट्यावर ऊन येतं. दिवा लावायची गरज नाही."

"म्हणजे उन्हाळ्यात भट्टीच," ती म्हणाली.

आजोबांनी ओट्यावर हात ठेवून बघितला. "होतं खरं गरम. मग खिडकी उघडायची. मागं झाड आहे."

"झाड म्हणजे किडे आले," नवरा म्हणाला. त्यानं नळ सोडला, बंद केला, परत सोडला. पाणी जोरात आलं. त्यावर काय म्हणावं ते त्याला चटकन सुचेना. "जोर जरा जास्तच आहे," तो म्हणाला. दलालानं कपाळाला हात लावला.

ऊन खरंच ओट्यावर पडलं होतं. तिला तिथे उभं राहून डबा भरताना आपण दिसलो. मागच्या खोलीत बटणचा पलंग कुठे बसेल तेही दिसलं. जितकं दिसत गेलं तितकी ती भीत गेली आणि जितकी भीत गेली तितकी तिची जीभ सैल सुटत गेली. फरशी जुन्या चालीची आहे म्हणाली. कपाटं नुसती जागा खातात म्हणाली. छत अंगावर आल्यासारखं वाटतं म्हणाली. आजोबा प्रत्येक वेळी मान हलवत होते, वर्गात उभं केलेल्या मुलासारखी.

मागच्या खोलीतल्या खिडकीला निळा पडदा होता. त्याला न बोलता पुढे जाणं तिच्या हातून झालं नाही, धंदाच तो.

"हा पडदा कापड आडवं धरून कापलाय. म्हणून असा ओघळलाय मध्येच. शिवणाऱ्याला कापड धरता येत नव्हतं."

"बायकोनं शिवला होता," आजोबा म्हणाले. "पहिलाच होता तिचा. हो, धरता येत नव्हतं तिला."

इथे थांबायला हवं होतं. ती थांबलीही. पण बटणचं काम राहिलं होतं. तिनं समोरच्या भिंतीवर बोट ठेवलं. तिथे रंगाचा एक चौकोन आजूबाजूच्या भिंतीपेक्षा गडद होता.

"आई, इथे ओल आहे," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "खूप आहे. भाव कमी करा."

आजोबा तिच्याजवळ खाली वाकले. "ती ओल नाही बाळ," ते म्हणाले. "तिथं आजीचा फोटो होता. काल काढला, सामानात बांधायला."

मग त्यांनी सगळ्यांना पाणी दिलं, दलालाकडे निरोप पाठवतो म्हणाले आणि जिन्यापर्यंत सोडायला आले.

रस्त्यावर आल्यावर तिघं भराभर कोपऱ्यापर्यंत चालत आली. तिथे नवरा म्हणाला, "जास्त ताणलं का गं आपण?"

"भाव उतरेल बघ," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

दलालाचा फोन संध्याकाळी आला. "आजोबांनी दुसऱ्यांना शब्द दिला, वहिनी. तुमच्यामागून एक जोडपं गेलं होतं. त्यांनी धड घर बघितलंसुद्धा नाही, दारातूनच छान आहे म्हणाले. आजोबांनी चहा केला त्यांना."

"कितीला?"

"तेवढ्यालाच. लहान मुलाचं कुटुंब असेल तर अजून थोडं सोडायची तयारी होती त्यांची. आता काय बोलून उपयोग आहे?"

"मग आधी का नाही बोललात?"

"नीट बोला म्हणालो असतो तर तुम्हाला वाटलं असतं, मी त्यांच्याकडून बोलतोय." तसंच वाटलं असतं, हे तिलाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी आला. बटण जिथे झोपायची त्या भिंतीवर नखानं खरवडून बघत तो वर ओरडून म्हणाला, "सहज निघेल हो काकू, काही दम नाही यात." पोपडा पांघरुणावर पडला. तिनं तो उचलला आणि काय करावं ते न कळून ती तो पदराआड लपवावा तसा मुठीत धरून उभी राहिली.

दुपारच्या सुटीत ती दुकानातून तशीच निघाली. आजोबांच्या दारात पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की मापाची टेप अजून गळ्यातच लोंबते आहे. आजोबांनी आधी टेप बघितली, मग तिला.

"मापं घ्यायला आलात?" त्यांनी विचारलं. "पण ते तर..."

"नाही हो आजोबा. मला कळलंय." ती चौकटीला धरून उभी राहिली. वाटेत जुळवलेलं सगळं विसरलं होतं. "आम्हाला महिनाअखेर घर सोडायचंय. दुसरं नाही आमच्याकडे. तुम्ही त्यांना नाही म्हणाल का? मी पाया पडते तुमच्या. आम्ही एक पैसा कमी करा म्हणणार नाही."

"असं करू नका," आजोबा घाईघाईनं म्हणाले. "बसा आधी."

ती बसली. ते समोर बसले. खोल्या निम्म्या रिकाम्या झाल्या होत्या, त्यामुळे दोघांचा आवाज घुमत होता.

"शब्द दिलाय मी," ते म्हणाले. "त्या मुलीला आनंदानं रडू आलं इथंच. आता तिला काय सांगू? तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत?"

तिनं गळ्यातली टेप काढून बोटांना गुंडाळली.

"एक विचारू?" आजोबा म्हणाले. "इतकं वाईट होतं का हो घर? काल झोप नाही लागली मला. म्हटलं, सगळा संसार केला आपण आणि आपल्याला काही दिसलंच नाही की काय. आता विकायचं राहिलं नाही. आता खरं सांगा."

तेव्हा ती उठली आणि तिनं पहिल्यांदाच घर बघितलं. ओट्यापाशी गेली, उन्हात हात धरला. बाहेरच्या झाडाची फांदी खिडकीच्या गजाला लागत होती. ती सांगत गेली. ऊन आवडलं. नळाला पाणी केवढं येतं, आमच्याकडे बादली भरायला ताटकळावं लागतं. कपाटाची दारं हलकी लागतात, आवाज होत नाही. फरशीवरून अनवाणी चालावंसं वाटलं. ती खालची खुंटी आवडली, फार आवडली, तिथे बटणचं दप्तर कालच टांगून झालं होतं माझ्या मनात.

"लेकीसाठी ठोकली होती," आजोबा म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. "आणि पडदा?"

तिनं निळा पडदा हातात घेतला. खोटं बोलता आलं असतं.

"कापड आडवंच आहे, आजोबा," ती म्हणाली. "पण टाके बघा किती बारीक आहेत. जीव लावून घातलेत. मला नाही येत असे."

आजोबांनी मान हलवली. डोळे उघडून म्हणाले, "हे काल बोलला असतात तर."

"भाव वाढला असता."

ते हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत. कुणाच्या अंगावरचा व्रण चुकून दिसावा तसे तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "किती वर्षं बघताय?" आणि तिनं मुलीच्या डोक्याएवढी उंची हातानं दाखवली.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो नेहमीसारखं काही गमतीचं बोलेल म्हणून ती थांबली होती. तो खाली बसून कामाचे बूट पुसत राहिला, पुसलेलाच बूट परत पुसत राहिला.

"आजोबांचं घर छान होतं," ती बटणला म्हणाली. निदान एका माणसाला तरी खरं सांगावं म्हणून.

"तू वाईट म्हणालीस ना?"

"मी चुकून म्हणाले."

बटणनं हे बराच वेळ मनात घोळवलं.

त्याच आठवड्यात बघतो-सांगतो परत आला. गावाच्या टोकाला एक घर आहे म्हणाला, भाव जरा वर आहे, पण मालक घाईत आहेत. कामावरून सुटून तिघं थेट तिकडेच गेली. जिना अरुंद होता, दिवा गेलेला होता. नवरा सवयीनं लिफ्ट शोधायला गेला आणि नाहीये म्हणून परत आला. दलाल पुढे जाऊन दारावर टकटक करत होता. आतून कुणीतरी येत असल्याचा आवाज आला. तिनं पदर सारखा केला, बटणचे केस सारखे केले, आणि चेहरा पाडायचा की नाही हे तिला ठरवता येईना.

बटणनं तिचा हात खाली ओढला आणि कानाशी तोंड आणून विचारलं, "आई, हे घर आवडून घेऊ का नको?"