उभ्यानं खाल्लेलं

मार्चच्या पहिल्या सोमवारी डॉक्टरीणबाईंनी चैताली शिवशरणला तीन महिन्यांची मुदत दिली. वजन अठ्ठ्याहत्तर किलो, साखर अगदी काठावर. "सहा किलो उतरवा," त्या म्हणाल्या. "नाहीतर गोळी सुरू करावी लागेल."

चैतालीच्या वडिलांची, जालिंदररावांची, सुरुवात अशाच एका छोट्या पांढऱ्या गोळीनं झाली होती आणि अकरा वर्षांनी डाव्या पायाची दोन बोटं गमावून ते दवाखान्यातून घरी आले होते. दोष गोळीचा नव्हता, पथ्य न पाळण्याचा होता, हे तिला कळत होतं. तरी एकदा गोळी सुरू झाली की पुढचं सगळं ठरल्यासारखंच, असं तिच्या मनानं घेतलं होतं. ती चाळीस वर्षांची होती. मुलगी पिंकी अजून सहावीत होती.

चैताली कामाला चोख होती. पंचायत समितीत शालेय पोषण आहाराचं टेबल तिच्याकडे होतं. कुठल्या शाळेत किती पोरं जेवली, किती तांदूळ शिजला, किती खिचडी उरली, हे सगळं तिच्यासमोरून जायचं. "गुरुजी, उरलेलं गेलं कुठं? तो रकाना कोरा का?" असा तिचा फोन आला की मुख्याध्यापक टरकायचे. हजारो पोरांच्या जेवणावर नजर ठेवणाऱ्या बाईला घरच्या चार माणसांचं जेवण म्हणजे डाव्या हातचा मळ वाटला.

स्वतःसाठी वेगळं शिजवायला तिला वेळ नव्हता. सकाळी सहाला उठून डबे, नळाला पाणी येईल त्या दिवशी भांडी भरायची धांदल, साडेनऊला स्कूटीला किक. तेव्हा सगळ्या घराचाच आहार बदलायचा, असं ठरलं. साखरेचा डबा माळ्यावर गेला आणि तळणाची कढई त्याच्या शेजारी जाऊन बसली. सकाळी पोह्यांऐवजी दलिया आला, डब्यात मोड आलेली मटकी, आणि रात्री साडेसातच्या ठोक्याला दुधीचं काहीतरी. फ्रिजच्या दाराला तिनं एक वही टांगली. आपण काय खाल्लं आणि किती, हे ती तिच्यात रोज लिहू लागली.

घरानं उघड बंड केलं नाही. नवरा यशपाल टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगचा सुपरवायझर होता. पहिल्या रात्री त्यानं ताटातली वस्तू चिमटीत धरून उजेडात पाहिली.

"हे काय आहे?"

"पालक घातलेला नाचणीचा डोसा."

"आमच्याकडं मशीन पुसायचं फडकं असल्याच रंगाचं असतंय."

"फडक्यात लोह नसतं. खा."

अर्धा खाऊन तो उठला. पिंकीनं मटकीचे दाणे वाटीच्या काठाला एकेक चिकटवले आणि पोट दुखतंय म्हणून सांगितलं. चैतालीची सासू पारूबाई तेवढी ताट स्वच्छ करून उठली. "चव न्हाय, पर अन्न हाय की," असा तिचा निकाल.

अन्न टाकायचं नाही, हा पारूबाईचा घरातला एकमेव कायदा होता. बहात्तरच्या दुष्काळात तेरा वर्षांची असताना सांगोल्याकडच्या रस्त्यावर तिनं खडी फोडली होती आणि मदतीत आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी खाल्ली होती. तिच्यादेखत भाकरीचा तुकडा कचऱ्याच्या बादलीत टाकायची या घरात कुणाची छाती नव्हती. चैताली चौदा वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हापासून जेवणं झाली की ताटं ओट्याकडे नेई आणि नळाखाली धरण्याआधी जे उरलं असेल ते तोंडात टाकी. पूर्वी घरात चमचमीत व्हायचं तेव्हा फारसं उरायचंच नाही. आता यशपालचा अर्धा डोसा, पिंकीची मटकी, डब्यातून परत आलेला दलिया असं रोज काही ना काही असायचं. एका हातात घासणी धरून चार घास संपवायचे, की मोकळं.

दीड महिन्यात यशपालच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. कारखान्यात लोक त्याला गुपित विचारू लागले. "काही नाही हो," तो सांगायचा, "मनावर ताबा पाहिजे." पारूबाईचे गुडघे हलके झाले. पिंकी शाळेत पळण्याच्या शर्यतीत दुसरी आली. आणि चैतालीच्या पायाखालचा काटा साडेअठ्ठ्याहत्तरवर गेला.

तिनं भाकरी एकीची अर्धी केली. मग भात सोडला. वहीतल्या नोंदी इतक्या तोकड्या झाल्या की वाचणाऱ्याला दया यावी.

जूनमध्ये ती रिपोर्ट घेऊन गेली. रक्तदाब तपासायला पारूबाईही बरोबर होती. वजन साडेएकोणऐंशी, साखर काठ ओलांडून पलीकडे. डॉक्टरीणबाईंनी वही शेवटपर्यंत चाळली.

"एवढंच खाता?"

"एवढंच."

"एवढं खाऊन वजन वाढत नाही हो."

"खोटं न्हाय बोलत ती," स्टुलावरून पारूबाई म्हणाली. "ताटात तेवढंच घेती. माझ्या डोळ्यानं बघती की मी."

"आणि ताटाबाहेर?"

"ताटाभाईर काय? पोरीचं, नवऱ्याचं उरलंसुरलं. ते काय जेवान हाय व्हय? उभ्या उभ्यानं खाती."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "किती उरतं रोज?"

चैतालीच्या वहीत तो रकाना नव्हता. तिनं तोंड उघडलं, आणि तालुक्यातले यच्चयावत मुख्याध्यापक तिला जे उत्तर देत आले होते तेच बाहेर पडलं.

"फार नसतं, मॅडम."

गोळी लिहून झाली होती. डॉक्टरीणबाईंनी कागद फाडला नाही, ड्रॉवरमध्ये ठेवला. "एक महिना देते. दोन किलो उतरले नाहीत, तर हा कागद तुमचा."

रिक्षात पारूबाईनं विचारलं, "म्हंजे आता टाकायचं म्हणतीस?"

"नाही, आत्याबाई."

"मग?"

"टाकणार नाही आणि खाणारही नाही."

पारूबाईला या दोन्हींच्या मधली जागा ठाऊक नव्हती.

त्या रात्री दुधीचं थालीपीठ होतं. यशपालनं सवयीनं अर्धं खाल्लं आणि उठला.

"अहो, ताट संपवा," चैताली म्हणाली.

"अगं, माझं डाएट चालू आहे की!"

पिंकी फिसकन हसली. पारूबाईनं लेकाकडे असं पाहिलं, जणू त्याला आजच पहिल्यांदा पाहत होती. चैतालीनं एक डबी आणली, अर्धं थालीपीठ तिच्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता तिच्या टेबलावर फोन वाजला.

"डब्यात चुकून रात्रीचं आलंय," यशपाल दबक्या आवाजात म्हणाला.

"चुकून नाही."

"इथं सगळे बघायलेत. वातड झालंय. काय करू याचं?"

"खा. नाही संपलं तर घरी आणा, रात्री वाढते."



तिसऱ्या दिवसापासून वाढायचं काम पारूबाईनं आपल्या हाती घेतलं. आजवर लेकाच्या ताटात न विचारता पडायचं. आता ती पळी हवेत धरून विचारू लागली, "किती खाशील?" तो दोन म्हणाला तर "बघ बरं का, उद्याच्याला डब्यात येतंय." पिंकीनं मटकी मागतानाच अर्धी वाटी सांगितली आणि दाणा न् दाणा खाल्ला. ताटं ओट्यावर रिकामी येऊ लागली. ती नळाखाली धरताना पहिले आठ दिवस चैतालीचं तोंड आपोआप उघडायचं. आत टाकायला काही नसायचं.

महिन्यानं डॉक्टरीणबाईंनी ड्रॉवरमधला कागद काढून तिच्यासमोर फाडला. दोन किलो शंभर ग्रॅम उतरले होते. गंमत म्हणून यशपालही काट्यावर चढला. मागितलेलं सगळं संपवण्याच्या नादात त्याचं वजन दीड किलोनं वाढलं होतं. काटा बिघडलाय, असं त्यानं डॉक्टरीणबाईंना शांतपणे सांगितलं.