तिसऱ्या खांबाचा सहावा ठोकळा

मी एक जुना काँक्रीटचा ठोकळा आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका, आणि ठोकळा म्हणजे अख्खा, असेही समजू नका. आता मी अर्धाच उरलो आहे. पण मित्रांनो, माझा मत्सर अजून अख्खा आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म नदीकाठी झाला. तिथे एका सरकारी पुलाचे काम चालू होते. अशा कामाला आधी निविदा मागवतात. म्हणजे काम केवढ्यात करून देणार, हे प्रत्येक कंत्राटदाराने बंद पाकिटात लिहून द्यायचे, मग सगळ्यांसमोर पाकिटे फोडायची आणि नियमात बसणाऱ्यांपैकी ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम द्यायचे. हे काम एका वयस्क कंत्राटदाराला मिळाले. मजूर त्याला पाठीमागे हळूशेठ म्हणत, कारण काँक्रीट ओतताना तो सारखा ओरडे, "हळू रे, हळू! कुणाला गाडी पकडायचीय?" त्याच्यापुढे घाई करायची कुणाची टाप नव्हती.

त्या दिवशी तिसऱ्या खांबाचे काँक्रीट चालले होते. नियम असा, की कामात जे काँक्रीट जाते त्यातलेच थोडे काढून लोखंडी साच्यांत भरायचे. त्याचे ठोकळे होतात. ते पुढे यंत्राखाली दाबून फोडतात आणि त्यावरून काम किती पक्के झाले ते कळते. बघा हं, म्हणजे तो खांब आणि मी एकाच मिक्सरमधून, एकाच घमेल्यातून निघालो. घमेल्यातले अर्धे तिकडे गेले आणि अर्धे माझ्या साच्यात आले. गवंड्याचा हात जरासा पलीकडे वळला असता तर आज मी पुलाचा खांब असतो. ही गोष्ट मी एक दिवसही विसरलेलो नाही.

आम्ही सहा भाऊ. आम्ही ओले असतानाच सरकारी बांधकाम विभागाच्या इंजिनिअरबाई आल्या. त्यांनी खिळ्याने प्रत्येकाच्या अंगावर खांबाचा क्रमांक कोरला आणि खाली सही केली. शेजारी हळूशेठनेही केली. बाई तेव्हा नोकरीत नव्या होत्या. सही बिघडू नये म्हणून त्या श्वास रोखून लिहीत होत्या, आणि मला गुदगुल्या होत होत्या. माझ्या आयुष्यातले तेवढेच काय ते कौतुक.

मग सुरू झाले खांबाचे लाड. त्याला ओली गोणपाटे गुंडाळली, सकाळ-संध्याकाळ पाण्याने न्हाऊ घातले. आम्हाला मात्र उचलून हौदात टाकले. पाणी तेच, पण त्याची अंघोळ आणि आमची बुडवणूक! पुढे माझे पाच भाऊ प्रयोगशाळेत गेले, फुटले आणि पास झाले. मी सहावा मागे राहिलो. कंत्राटात एक अट होती, की शेवटचा ठोकळा विभागाने जपून ठेवायचा. काम झाल्यावरही काही वर्षे कंत्राटदार त्या कामाला बांधलेला असतो, बिघाड निघाला तर पदरमोड करून दुरुस्त करून देतो. त्या काळात कामाबद्दल वाद उठलाच, तर दोन्ही बाजूंसमोर हा राखीव ठोकळा फोडायचा. मला वाटले, चला, आपल्यालाही काही मान आहे.

कसला मान! पूल झाला, फीत कापली, पाहुणे खांबाला हात लावून फोटो काढून गेले. मी नदीकाठच्या कार्यालयात कोपऱ्यात धूळ खात पडलो होतो. एके दिवशी वाऱ्याने दार धाडकन आपटले आणि कारकुनाच्या हातातला चहा सांडला. तो वैतागून म्हणाला, "हा दगड नुसता बसून खातोय. लावा त्याला दाराला." मला दगड म्हणाला! आणि लावलेही कसे, तर सहीची बाजू जमिनीकडे करून.

खरा छळ तर पुढेच होता. ते दार पुलासमोर उघडत असे. मी दार धरून ठेवायचे आणि त्यातून दिवसभर तिसऱ्या खांबाकडे बघायचे. शाळेची मुले त्याच्या सावलीत थांबत. मासे पकडणारा त्यालाच पाठ टेकून बसे. कार्यालयात येणारा प्रत्येक जण म्हणे, "काय दणकट खांब आहेत हो!" आणि आत येताना मला ठेचकाळून म्हणे, "हा धोंडा इथे कुणी ठेवला?" माझ्या अंगाचा तिळपापड होई. मी मनात म्हणे, एकदा तरी याच्या तोऱ्याला तडा जाऊ दे.

आणि तडा गेला! तिसऱ्या खांबावर वरपासून खालपर्यंत एक उभी चीर दिसू लागली. ज्याची निविदा पूर्वी हुकली होती, त्या दुसऱ्या कंत्राटदाराने लगेच तक्रार केली, की कमी दरात काम घेऊन हळूशेठने काँक्रीटच कच्चे वापरले. आधीचे ठोकळे म्हणे वेगळ्याच मालाचे होते. पूल बंद झाला. शाळेची मुले लांबच्या वाटेने जाऊ लागली. मला मुलांचे वाईट वाटले, पण खांबाचे? छे! खोटे कशाला बोलू, मला उकळ्या फुटत होत्या.

चौकशीसाठी मोठे साहेब आले. त्यांनी सांगितले, "राखीव ठोकळा फोडू. पास झाला तर प्रश्न मिटला. पण तो नसेल, तर खांब पाडून परत बांधावा लागेल, यांच्या खर्चाने. आणि यांचं नाव काळ्या यादीत जाईल." काळ्या यादीत गेलेल्याला पुन्हा सरकारी काम मिळत नाही. हळूशेठच्या तोंडचे पाणी पळाले.

ठोकळ्याचा शोध सुरू झाला. कपाटे उघडली, हौद उपसला, माळा झाडला.

"नमुना विभागाच्या ताब्यात आहे, असं कागद म्हणतोय," कारकून म्हणाला.

"आणि विभाग काय म्हणतोय?" बाईंनी विचारले.

"विभाग म्हणतोय, कागदाला विचारा."

हे सगळे मला ओलांडून आत-बाहेर करत होते, मित्रांनो! मी गप्प होतो. ठोकळ्याला बोलता येत नाही हे खरे, पण येत असते तरी मी बोललो नसतो. न सापडण्यातच माझा विजय होता. खांब पडणार होता आणि मी दाराशी बसून ते बघणार होतो.

हळूशेठ येरझाऱ्या घालत होता. "बाई, उभ्या आयुष्यात एक काम घाईनं केलं नाही मी," तो म्हणाला. "माझं नाव गेलं तर उद्या पोरांना काय तोंड दाखवू?" एवढे बोलून तो वळला आणि त्याचा अंगठा माझ्यावर आपटला. "आई गं!" म्हणून तो खाली बसला आणि रागाने त्याने मला दोन्ही हातांनी उलथून टाकले.

बाई जागच्या जागी थबकल्या. मग वाकून त्यांनी पदराने माझी धूळ पुसली. खांबाचा क्रमांक, हळूशेठची सही आणि त्यांची स्वतःची सही. त्या कानापर्यंत लाल झाल्या. रोज त्याच तर मला ओलांडून कामावर येत होत्या.

तक्रार करणारा कंत्राटदार उसळला, "दाराला लावलेला धोंडा म्हणे नमुना! चालायचं नाही!"

"सही ओल्यात केलेली आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही आता वाळल्यावर करून दाखवा."

साहेबांनी दोन्ही सह्या ताडून पाहिल्या आणि मला प्रयोगशाळेत नेले. यंत्राची जड पोलादी पाटी माझ्या डोक्यावर टेकली. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला तो कंत्राटदार आणि मागे हात जोडून हळूशेठ. मी ठरवूनच आलो होतो, लवकर फुटायचे. जराशी ढिलाई केली की खांब जमीनदोस्त! दाब वाढू लागला. आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले, की त्याला कच्चा ठरवायचे तर आधी मला कच्चे ठरावे लागेल. आम्ही एकाच घमेल्यातले. मी, आणि कच्चा? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतकी वर्षे ज्या जळफळाटाने मला पोखरले, त्यानेच मला त्या दिवशी घट्ट धरले, असे मी म्हणतो. बाई म्हणतात, सिमेंट चांगले होते.

काटा ठरलेल्या आकड्यापाशी आला, पुढे सरकला आणि अजून पुढे गेला. मग कडाड्कन आवाज झाला आणि मी फुटलो.

"पास," साहेब म्हणाले. हळूशेठ तिथेच भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. खांबावरची चीरही नंतर खरवडून पाहिली, तर ती नुसती वरच्या गिलाव्यात होती. पूल सुरू झाला आणि लोक पुन्हा खांबाचेच कौतुक करू लागले.

माझा सहीचा अर्धा तुकडा बाईंनी टेबलावर ठेवला आहे. दाराला आता लाकडी पाचर आहे आणि नमुन्यांसाठी कुलपाचे कपाट आले आहे. आत बसलेल्या नव्या ठोकळ्यांचाही मला हेवा वाटतो, काय करणार! अधूनमधून हळूशेठ येतो आणि माझ्यावरून हात फिरवतो. फार हळू फिरवतो.

मित्रांनो, पुढे तुमच्यापैकी कोणी इंजिनिअर होईल, कोणी कारकून होईल. जे जपून ठेवायला सांगितले आहे ते जपून ठेवा आणि कुणालाही दाराला लावण्यापूर्वी एकदा उलटून बघा. पुलावरून जाताना तिसऱ्या खांबाला खुशाल शाबासकी द्या. फक्त त्याला माझा एक निरोप सांगा. म्हणावे, पाडायचे होते तुला, फुटलो मी.