चर्चच्या लेखी नसलेली बायको

शिवणकाम करणाऱ्या ताईच्या घरात त्या सकाळी हसणं चाललं होतं. तिची भावजय पांढरा झगा घालून स्टुलावर उभी होती आणि ताई तोंडात टाचण्या धरून खालची पट्टी दुमडत होती. आठ वर्षं संसार केल्यावर नवरी व्हायचं म्हणजे कंबर शोधायलाही टेप लागते, असं भावजयच म्हणाली.

भावाचं आणि तिचं लग्न नोंदणी कचेरीत झालं होतं. चर्चमधलं पुढं बघू, असं ताईची आई तेव्हा म्हणाली होती आणि ते पुढं कधी आलंच नाही. मागच्या वर्षी भावालाच एकाएकी उमाळा आला. चर्चमध्ये लग्न लावायचं तर आधी कचेरीतलं मोडावं लागतं, असं त्यानं बायकोला सांगितलं. ती बिचकली, कोर्टाच्या कागदावर सही करायला तिचा हात धजेना. तेव्हा ताईनंच तिची समजूत घातली. माझा भाऊ आहे, वेडंवाकडं काही करायचा नाही, म्हणाली. घटस्फोट झाला. त्यानंतरही घरातली भाजी भावजयच निवडत होती, आईचे पाय तीच चेपत होती. भाऊ मात्र 'नियम आहे' म्हणून कारखान्याजवळच्या खोलीवर राहायला गेला. ताईच्या मनात पाल चुकचुकायची, पण ती स्वतःलाच दटावून गप्प करायची.

दुपारी चर्चच्या कचेरीत भावाच्या अर्जावर ताईची साक्ष होती. म्हाताऱ्या फादरांनी मजकूर वाचून दाखवला. हे लग्न चर्चमध्ये झालं नाही, नंतरही तिथं लावून घेतलं नाही, म्हणून चर्चच्या लेखी ते लग्नच नव्हे. सगळं खरं होतं. ताईनं पेन उचललं आणि सहज विचारलं, मग आता दोघांचं लग्न कधी लावणार?

फादरांनी चष्मा काढला. "कोणत्या दोघांचं?"

ताईनं सांगितलं.

"बाई, तिच्याशीच लावायचं तर घटस्फोट कशाला? आहे तेच लग्न इथं लावून दिलं असतं. हा अर्ज दुसरीशी लग्न करायला मोकळं होण्यासाठी असतो. मुलगी ठरली आहे, असं तुमची आईच सांगून गेली."

ताईनं पेन खाली ठेवलं. नियम असेल नियमाच्या जागी. पण आठ वर्षं राबवून घेतलेल्या बाईला 'तू बायको नव्हतीसच' म्हणायला त्याचा आडोसा घेणाऱ्या घरांना काय म्हणावं? आणि आपण? आपण हळहळतो, आणि नव्या लग्नाला जेवून येतो.

सही न करता ताई उठली. घरी येऊन तिनं आईसमोरच भावजयीला सगळं सांगितलं. आईनं मान वर केली नाही.

भावजय रडली नाही. "सही कर, असं तुम्हीच म्हणालात ना, वन्सं?"

"मीच म्हणाले. तुला कसं फसवलं ते आता फादरांना लिहून देते, कोर्टातही सांगते. आईचं नाव घालून."

भावजयीनं खुर्ची ओढली आणि ती ताईशेजारी बसली.

"लिहा. पण या वेळी आधी मला वाचू द्या."