दोन हाका

वासिफनं मला दोनदा हाक मारली आणि दोन्ही वेळा मी ओ दिली नाय. हे पोलिसांना सांगितलं नाय, गावात कुणाला सांगितलं नाय. सांगितलं फक्त सरूला, माझ्या बायकोला, आणि तेव्हापासून ती माझ्यावर पहारा ठेवून हाय.

आधी फेरीचं सांगतो, नायतर तुम्हाला वाटेल आम्ही दोघं रानात काय झक मारत होतो. वासिफ रोह्याचा. बारा वर्षं कतारला ड्रायव्हर होता. परत आला तो डोक्यात खूळ घेऊनच. आमच्या गावातून डोंगर चढायचा, जंगलातून गोल फिरायचं आणि चौथ्या दिवशी पुन्हा गावातच उतरायचं. निघालो तिथंच परत यायला मुंबई-पुण्याहून माणसं येतील म्हणाला. मी म्हटलं, "तुला ऊन लागलंय तिकडं." पण आली की माणसं! दोन वर्षं आमची फेरी चालली. मी पुढं चालायचो, कारण वाट माझ्या पायांना पाठ. वासिफ सगळ्यांच्या मागं, कुणी राहिलं-पडलं ते बघायला. "महिपतदादा, रान तुझं, बोलणं माझं," म्हणायचा. आणि बोलायचा तरी किती! त्याच्या बडबडीला मी वैतागायचो. आता घरात ताटली वाजली तरी बरं वाटतं, इतकी शांतता झालीय डोक्यात.

आमच्याकडं रानात चकवा असतो. हसा खुशाल. चकवा लागला की माणूस त्याच त्याच जागी फिरत राहतो, पायाखालची वाट सापडत नाय. हा चकवा आधी हाक मारतो, आणि तीही ओळखीच्या आवाजात. पण दोनदाच. तिसरी हाक त्याला मारता येत नाय. म्हणून रानात कुणी हाक मारली तर थांबायचं, गप राहायचं आणि तिसरीला ओ द्यायची. आपण मारायची तर तीनदा मारायची. पोरं चालायला लागली की आमच्यात हे शिकवतात, हिंदूंच्यात काय नि मुसलमानांच्यात काय. रान एकच, मग चकवा तरी वेगळा कशाला असेल? वासिफ शेकोटीपाशी ही गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगायचा.

त्या खेपेला सात जण होते. भातं कापून झाली होती, वाल पेरून झाले होते, हवा छान होती. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर पुण्याच्या नमिता मॅडमना आठवलं की चार्जर आदल्या मुक्कामावर राहिला. चार्जर! ज्या रानात रेंज नाय त्या रानात चार्जर! मी म्हटलं, राहू दे, पुढच्या खेपेला आणू. पण वासिफला कुणाला नाय म्हणता आलं असतं तर काय पायजे होतं? "तुम्ही चला, मी व्हाळातनं आडवा येऊन तुम्हाला गाठतो," म्हणाला आणि गेला. व्हाळ म्हणजे डोंगरातला ओढा. पावसाळा सरला की कोरडा पडतो, नुसते दगड. मी नेहमी त्याच वाटेनं जायचो. त्याला ती वाट मीच दाखवली होती.

चारच्या सुमाराला आम्ही व्हाळाच्या वरच्या अंगानं चाललो होतो. उजेड होता, पण ऐनाच्या झाडांखाली तो पोचत नव्हता. खालून हाक आली.

"महिपतीऽऽ"

वासिफचाच आवाज. पण त्यानं मला कधी नुसतं महिपती म्हटलं नव्हतं, दादा लावल्याशिवाय त्याचं तोंड उघडत नव्हतं. मी थांबलो. मागचे पाहुणे गप्पांत होते, त्यांना काही कळलं नाय. थोड्या वेळानं दुसरी हाक आली, पहिल्यापेक्षा बारीक.

आता खरं सांगतो. तिसऱ्या हाकेसाठी मी थांबलोच नाय. पन्नाशीचा बाप्या मी, या रानात जन्म काढला, आणि माझी बोबडी वळली. "चला चला, अंधाराच्या आत पोचायचंय," असं म्हणून मी जवळजवळ पळायलाच लागलो. एका पाहुण्याकडं गाण्याचा स्पीकर होता. तीन दिवस मीच त्याला तो बंद ठेवायला लावला होता. त्यालाच म्हटलं, "लावा हो, लावा गाणी. जोरात लावा." सगळे खूश झाले. त्या गोंगाटात तिसरी आली असती तर ऐकणार कोण होतं?

मुक्कामावर वासिफ आलाच नाय. मी गावात सांगावा धाडला, रातोरात माणसं बॅटऱ्या घेऊन शोधायला चढली आणि तो सकाळी सापडला. व्हाळात पाय सरकून खाली गेला होता, मांडीचं हाड मोडून बाहेर आलं होतं. खिशात चार्जर होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, त्यानं आवाज-बिवाज दिला होता का? पडल्यावर तास-दीड तास तरी जिवंत असावा म्हणाले. मी म्हटलं, काय ऐकलं नाय.

आज त्याला जाऊन चाळीस दिवस झाले, त्याचा चाळिसावा होता. मी निघालो तेव्हा सरू दारात आडवी उभी राहिली. "जावा, पण गप बसा. त्याच्या आईला तिचा लेक काय परत मिळणार हाय? तुमचं मन हलकं करायला तिच्या डोक्यावर कशाला ओझं?" मी चपला घातल्या. मनाशी ठरवलं होतं. रोज पहाटे त्या दोन हाका ऐकून उठायचं आता जमत नाय. मारा, शिव्या द्या, पोलिसांत द्या, पण हे एकदा तोंडातून बाहेर पडू दे.

रोह्याला पोचलो तेव्हा फातिहा होऊन माणसं पांगली होती. रशिदाचाची, म्हणजे वासिफची आई, ओटीवर चटई टाकून बसली होती. वासिफची बायको सादिया इद्दतीत हाय. चार महिने दहा दिवस ती परक्या पुरुषासमोर येत नाय. ती आतल्या खोलीत पडद्यामागं होती. चाचीनं जेवायला घातलं.

"चाची," मी म्हटलं, "मला हाक आली होती. त्या दिवशी. व्हाळातनं."

आत भांड्याचा आवाज येत होता तो थांबला.

"किती?" चाचीनं विचारलं.

"दोन."

तिनं डोळे मिटले. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "मग तू ओ कशी देणार रे? मीच शिकवलं होतं त्याला, तीन मारल्याशिवाय रानात कोण बघायचा नाय."

मला वाटलं होतं ती किंचाळेल. तिनं तर मला सोडवूनच टाकलं! पण मी कुठं सगळं सांगितलं होतं? पुढचं बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात पडद्यामागनं सादिया बोलली. चाळीस दिवसांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता.

"भाऊ, तिसरी नाय आली?"

"नाय."

"तुम्ही थांबला होतात ना तिसरीसाठी?"

रस्त्यानं एक रिक्षा गेली. चाचीचा हात माझ्या गुडघ्यावर तसाच होता.

"मला एवढंच सांगा," सादिया म्हणाली. "तुम्ही थांबला असाल आणि तिसरी आली नसेल, तर तो लगेच गेला. त्याला फार सोसावं लागलं नाय. रोज रात्री मला तो तिथं पडून कुणाची तरी वाट बघताना दिसतो. थांबला होतात ना?"

"व्हय," मी म्हटलं. "थांबलो होतो. खूप वेळ थांबलो."

पडद्यामागं ती रडायला लागली, मोठ्यानं, लहान पोरासारखी. मी उठायला लागलो तर चाचीनं मला खाली बसवलं.

"रडू दे," ती म्हणाली. "तो गेल्यापासून आज पहिल्यांदा रडतेय. दगड होऊन बसली होती बिचारी. बरं झालं तू आलास, महिपती. अल्ला तुला खूप आयुष्य देवो."

निघताना तिनं डब्यात शिरा भरून दिला, सरूसाठी म्हणून, आणि दारापर्यंत सोडायला आली.

"येत जा रे अधनंमधनं," चाची म्हणाली. "हिला तुझ्या तोंडून परत ऐकायचं असेल."